तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

बाथरूमची फरशी कोरडी करून, फडकं एका हाताने कसंबसं पिळून नळावर वाळत टाकलं, आणि तेव्हा कुठे मार्लिस हॉगेनच्या लक्षात आलं की आपण घोटाळा करून बसलो आहोत. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची बाई येणार होती, नवऱ्यासाठी, वेंडेलसाठी, घरी मदतनीस आठवड्याला किती तास पाठवायची ते ठरवायला. आणि कालपासून मार्लिसने स्वतःला दहादा बजावलं होतं की उद्या घराला हात लावायचा नाही. शौचाची खुर्ची पलंगाशेजारीच दिसू द्यायची. ओली चादर टोपलीत वरच राहू द्यायची. औषधांच्या बाटल्या टेबलावर पसरलेल्या असू द्यायच्या. एकतीस वर्षं तिने स्वतः हेच काम केलं होतं, याच काउंटीत, याच डलुथ शहरातल्या चढउताराच्या गल्ल्यांतून. आलेली बाई कुठे बघते, काय टिपते, ते तिला पाठ होतं. आणि तरी सकाळी उठल्यापासून तिचे हात आपले चालत राहिले. खुर्ची धुऊन पडद्यामागे गेली, चादर धुऊन वाळून कपाटात गेली, बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत लागल्या. ओव्हनमध्ये दालचिनीचा केक होता. त्याचा वास घरभर सुटला होता, काही म्हणजे काही कमी नसलेल्या घरात सुटावा तसा.

तिने मग एक कप घेतला, त्यात घोटभर कॉफी ओतली आणि तो मुद्दाम सिंकमध्ये ठेवला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. एक कप म्हणजे काहीच नाही, एक कप कुणाच्याही घरात असतो. म्हणून शेजारी सकाळची अंड्याची प्लेट ठेवली. आता ते खरंच घाण दिसायला लागलं, जणू आईच दारात येऊन उभी आहे आणि एक शब्द न बोलता सिंककडे बघते आहे. आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. मार्लिसने कप धुतला, प्लेट धुतली, सिंकही पुसून कोरडा केला. सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःचं घर मुद्दाम खराब करायची वेळ यावी आणि तेही आपल्याला धड जमू नये, याचा तिला राग आला, आणि रागाखाली भीती होती ती तशीच राहिली.

“किती पुसशील गं?” शार्लीन म्हणाली. शार्लीन म्हणजे तीच मदतनीस, जिच्या तासांचा हा सगळा खटाटोप होता. पाच दिवस रोज सकाळी चार तास यायची, साठीला टेकलेली, इथल्या मूळच्या ओजिब्वे आदिवासी जमातीतली बाई, जवळच्याच त्यांच्या वस्तीत राहणारी. ती स्वयंपाकघरात वेंडेलला खुर्चीत बसवून त्याची दाढी करत होती. “काल सांगितलं होतं ना तुला, पसारा राहू दे म्हणून?”

“हात ऐकत नाहीत.”

“आमच्याकडे उलटं होतं. काउंटीची गाडी वळणावर दिसली की आजी आम्हा पोरांच्या हातात एकेक झाडू द्यायची. घर घाण दिसलं तर पोरं उचलून नेतात म्हणून. आईची दोन भावंडं तशीच नेली. दोघांची नखं काळी होती म्हणे.” अंडी महाग झाली असं सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं आणि वस्तरा पाण्यात खळबळला. “आणि तुमचं घर चकचकीत दिसलं तर आहे ती मदत काढून घेणार. एकूण काय, त्यांना घर आवडायला पाहिजे, पण फार आवडायला नको.”

“माझी नखं बघ,” वेंडेल फेसातून म्हणाला. “नेतील का मला?”

“तुला कोण नेतंय. फुकट दिला तरी नाही.”

दोघं हसली. वेंडेलचं हसणं आता चेहऱ्यावर उमटत नसे, कंपवाताने चेहरा घट्ट झाला होता, पण खांदे हलले की मार्लिसला कळायचं. ती मात्र हसली नाही, कारण नेतील का, हाच तर प्रश्न होता. तिला फॉर्म पाठ होता. आताचा फॉर्म तिच्या वेळच्या फॉर्मचाच नातू होता, चेहरेपट्टी तीच. चौऱ्याऐंशी प्रश्न आणि प्रत्येकाला चार चौकोन: नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. ‘नाही’ फार झाले की तास कापले जायचे. नव्या नियमाने गेल्याच महिन्यात शेजारच्या प्रॉक्टर गावातल्या म्हाताऱ्या गुस्ताफसनचे अठराचे सहा झाले होते. आणि ‘नेहमी’ फार झाले, तर शेवटी एक पिवळं पान उघडायचं: घरी राहणं सुरक्षित नाही. ते पान उघडलं की माणूस टेकडीमागच्या वृद्धाश्रमात जायचा, दोघांमध्ये एक खोली, मधे पडदा. म्हणजे वेंडेल बराच आजारी दिसायला हवा होता, पण त्याच्या पलीकडे रेसभरही नाही. मार्लिसने आठ दिवस बसून हिशोब जुळवला होता, किती ‘बरेचदा’ आणि किती ‘कधी कधी’, आणि त्याची चिठ्ठी घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली होती. अशी चिठ्ठी कुणाच्या घरी सापडली असती तर नोकरीच्या दिवसांत तिने वरच्या साहेबाला कळवलं असतं. तेव्हा ती तशी कडक होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

साडेदहाला शार्लीन गेली. दारात बूट चढवताना तिने मार्लिसच्या उजव्या खांद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “मी रविवारी नसते, एवढंच सांग तिला. बाकी काही सांगू नकोस.” म्हणजे शार्लीनला कळलं होतं. मार्लिसने कुणाला सांगितलं नव्हतं, वेंडेल तर सांगणारच नव्हता, पण शार्लीनने सोमवारी जमिनीवरचा गालिचा उलटा पडलेला बघितला असणार. मार्लिस म्हणाली, “रस्त्यावर निसरडं आहे, सांभाळून.” मग ती वेंडेलच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि शेवटची उजळणी घ्यायला लागली, शाळेतल्या बाईंसारखी.

“शर्टाची बटणं लावता येतात का, असं विचारलं तर?”

“येतात.”

“वेंडेल.”

“येतात की गं. आजचीच बघ.”

“किती वेळ लागतो?”

“वेळ आहे माझ्याकडे.”

“नाही म्हणायचं. मदत लागते म्हणायचं. बरेचदा.”

“बरेचदा,” वेंडेल आज्ञाधारकपणे म्हणाला. मग जरा थांबून, “पण ती पोरगी मला पहिल्यांदा भेटणार. पहिल्या भेटीत रडगाणं कसं गायचं माणसाने?” अडतीस वर्षं त्याने बंदरात, खनिज भरायच्या धक्क्यावर काम केलं होतं, बोटींच्या पोटात लाल दगड ओतायचं, उणे तीस असताना दोरखंडावरचा बर्फ फोडायचं, आणि त्या अडतीस वर्षांत कसं काय चाललंय या प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं होतं, वाईट नाही. हाताची दोन बोटं यंत्रात गेली त्या दिवशीही फोरमनला तो तेच म्हणाला होता आणि ही गोष्ट धक्क्यावर अजून हसून सांगतात. मार्लिसला वाटलं, हा आपला नवरा, आणि याला आपण आता आजारी व्हायला शिकवतो आहोत.

अकराला पाच कमी असताना बेल वाजली. बाई तिशीची होती, नाव टेसा, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब. पातळ बूट घालून आली होती आणि ते ओले झाले होते. “ॲरिझोनातून आलेय, ऑक्टोबरमध्ये,” ती म्हणाली, “अजून अंदाज येत नाही मला इथला.” मार्लिसने तिचा कोट घेतला आणि विचारलं, “कॉफी?” टेसा म्हणाली, “नको, थँक यू.” मार्लिस म्हणाली, “केलेलीच आहे.” टेसा म्हणाली, “नाही, खरंच नको.” मार्लिसला हायसं वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारलं की झालं, ती म्हणाली, “अर्धा कप, आणि केकचा एक तुकडा, अगदी छोटा.” टेसाने मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं आणि सावकाश, समजावल्यासारखं म्हणाली, “मिसेस हॉगेन, मला खरोखरच नको आहे.” मार्लिस केकची सुरी हातात धरून उभी राहिली. तिच्या अंगावरून भीतीची एक लाट गेली आणि ती कॉफीपुरती नव्हती. या मुलीचं नको म्हणजे नको होतं. म्हणजे दुसऱ्याचं ठीक आहे हेही तिला ठीक आहे असंच ऐकू येणार.

टू हार्बर्स गावातल्या तिच्या माहेरी कॉफी तीनदा विचारायची रीत होती. रीत आहे असं कुणी म्हणत नसे, डावा बूट आधी की उजवा हे जसं कुणी सांगत नाही. पाद्री आले की आई विचारायची. ते म्हणायचे, छे, तसदी नको. आई पुन्हा विचारायची. ते म्हणायचे, केलेली असली तर बघू. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणायचे, बरं, अर्धाच कप, आणि मग तीन कप प्यायचे. सहा वर्षांची असताना मार्लिसने शेजारणीच्या पहिल्याच विचारण्याला हो म्हणून केक खाल्ला होता. आई तिथे काही बोलली नाही. परत येताना सबंध रस्ताभर बोलली नाही. घरी आल्यावर मार्लिसने स्वतःच विचारलं, माझं काय चुकलं, तर आई म्हणाली, काही नाही. आणि मार्लिसला तेवढ्याने जन्माचं कळलं. पुढे काउंटीत नोकरी लागल्यावर पहिली चौदा वर्षं तिने याच रीतीवर काम केलं. आंघोळ जमते का? जमते. पाय उचलून टबात जाताना? तसं काही नाही. मग ती पेन बंद करायची, कोट चढवायची, दारात उभी राहून हवेबद्दल, बोटींबद्दल, कुणाच्या नातवाबद्दल बोलायची, आणि मग दाराच्या मुठीवर हात ठेवून तिसऱ्यांदा विचारायची. तेव्हा माणसं सांगायची. खरं काय ते नेहमी दारात निघायचं. त्यापायी तिला दिवसाला तीनच घरं व्हायची आणि वरचे साहेब कुरकुरायचे.

“हॅलो,” वेंडेल म्हणाला, आणि मार्लिसने वळून बघितलं तर तो उभा होता. खुर्चीच्या हाताला धरून नाही, काठी नाही, टेबलाचा आधार नाही. बाई खोलीत आली म्हणून उभा राहिला होता, जसा आयुष्यभर राहत आला होता. गेल्या दोन महिन्यांत तो स्वतःहून एकदाही उठला नव्हता. मार्लिसला वाटलं, आता पडतो की मग पडतो, आणि त्याच वेळी, तिला नंतर याची लाज वाटली, तिला आनंद झाला. काय देखणा दिसत होता. दाढी गुळगुळीत, निळा शर्ट, बटणं वरपर्यंत लावलेली. त्याने टेसाशी हात मिळवला आणि सावकाश, अगदी हवं तसं, परत खुर्चीत बसला. टेसाने टॅबवर बोट टेकवलं. मार्लिसला टॅब उलटा दिसत होता, पण एकतीस वर्षांत तिला उलटं वाचायची सवय झाली होती. खुर्चीतून उठणे: नाही, मदत लागत नाही.

त्यानंतर जे झालं ते तिला अडवता आलं नाही. प्रश्न येत गेले आणि वेंडेल उत्तरं देत गेला. जेवण? हो, खातो की. घास तोंडापर्यंत जातो? “वाट चुकलेला नाही अजून,” वेंडेल म्हणाला आणि टेसा मनापासून हसली. कपडे? घालतो. जिना? इथे जिनाच नाही. झोप? वाईट नाही. मार्लिस मधे पडली, एकदा म्हणाली, “तसा वेळ लागतो त्याला,” आणि टेसाने लगेच तिच्याकडे वळून विचारलं, “म्हणजे मदत लागते?” सरळ, डोळ्यात बघून. खिशातली चिठ्ठी मार्लिसला मांडीला टोचत होती. बरेचदा, एवढाच शब्द होता. ती म्हणाली, “तसं चालतं आमचं.” तोंडातून ते निघून गेल्यावर तिला ऐकू आलं. आवाज तिचा होता, पण बोलणं एस्टर कोस्कीचं होतं.

एस्टर कोस्की. पंधरा वर्षं झाली असतील. शहाऐंशीची फिनिश विधवा, शहराच्या वेस्ट एंड भागात एकटी राहायची. त्या वेळेपर्यंत संगणकावरचा फॉर्म आला होता, एका घराला पंचेचाळीस मिनिटं, आणि नव्या मुलींना शिकवायचं काम मार्लिसकडे होतं. ती फळ्यावर लिहायची: एकदा विचारा, पहिलं उत्तर लिहा. साहेबांना ते फार आवडलं होतं. एस्टरने त्या दिवशी वेलचीचा गोड पाव केला होता, गळ्याशी चांदीचा बिल्ला लावला होता, आणि प्रत्येक प्रश्नाला म्हणत होती, तसं चालतं माझं. मार्लिसला सगळं दिसत होतं. पावाचा तळ जळला होता आणि सुरीने खरवडून काढला होता. कॉफीच्या डब्याशेजारी स्क्रूड्रायव्हर पडला होता, म्हणजे झाकण बोटांनी उघडत नव्हतं. पायात सपाता होत्या त्या दोन वेगवेगळ्या जोडांतल्या. दिसत नव्हतं असं नाही. पण पावणेचार वाजले होते, चारला प्रॉक्टरला दुसरं घर होतं, बाहेर अंधारून आलं होतं, आणि एस्टर हसून पावाची थाळी पुढे करत होती. मार्लिसने पहिलं उत्तर लिहिलं. दहाचे दोन तास झाले. फेब्रुवारीत एस्टर तळघराच्या पायऱ्यांवरून पडली आणि पत्र टाकणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सापडली. मेली नाही. टेकडीमागच्या वृद्धाश्रमात गेली, आणि मार्लिस एकदा तिला भेटायला गेली तेव्हा एस्टर पलंगावर उठून बसून इकडेतिकडे बघायला लागली, उशीखाली, टेबलाच्या खणात, पडद्याच्या पलीकडे. मार्लिसने विचारलं, काय हवंय? एस्टर म्हणाली, तू आलीस आणि माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. एवढं एकच वाक्य. मार्लिस परत कधी तिकडे गेली नाही.

“एकतिसावा,” टेसा म्हणाली. “गेल्या नव्वद दिवसांत घरात पडणं झालं का?”

याची तयारी सगळ्यात जास्त केली होती. एकदा पडला, लगेच उठवलं, असं म्हणायचं. ते सगळ्यात बरं उत्तर होतं. पडला म्हणून तास राहतात, आणि लगेच उठवलं म्हणून पिवळं पान उघडत नाही. कारण या प्रश्नाला शेपूट होतं: उठवलं कुणी, आणि किती वेळाने. तासाच्या वर वेळ गेला असेल तर पुढचं सगळं आपोआप होत जायचं, मग बाईचंही त्यात काही चालत नसे. मार्लिसने तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे रविवारची दुपार आली. जेवण झाल्यावर तिने उठवून दिलं आणि वेंडेल काठी टेकत बाथरूमकडे निघाला आणि दारातच गुडघ्यांत मोडला. तिने धरायला हात घातला तेव्हा उजव्या खांद्यात काहीतरी सटकलं, आणि दोघंही खाली आली. तो जड होता आणि तिला उचलवत नव्हता. फोन भिंतीवर होता, चार पावलांवर. फोन केला की अग्निशमनवाले आले असते लाल गाडी घेऊन, शेजारचे लिंडक्विस्ट नवराबायको दारात आले असते, संध्याकाळी पाच घरांतून जेवणाची भांडी आली असती, आणि काउंटीच्या नोंदीत एक ओळ पडली असती. तिने फोन केला नाही. त्याच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर गोधडी घातली, रेडिओवर पोल्का गाण्यांचा कार्यक्रम लावला आणि स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली. त्याला पाव आणि चीज भरवलं. मधे त्याची चड्डी ओली झाली तेव्हा तो म्हणाला, “वाईट नाही, ऊब आली,” आणि तिने हसायचा प्रयत्न केला. बाहेर एक बोट धक्क्याकडे येताना भोंगा देत होती, एक लांब, दोन आखूड. सबंध तीन तास. शेवटी गालिच्यासकट ओढत ओढत तिने त्याला पलंगापर्यंत नेलं. पण त्या तीन तासांत एक क्षण असा आला होता की रेडिओवरचं गाणं संपलं आणि दुसरं अजून सुरू झालं नव्हतं, आणि तेवढ्यात तिला वाटलं होतं, कुणीतरी यावं आणि याला घेऊन जावं. स्पष्ट वाटलं होतं. आणि वेंडेलने त्याच वेळी तिचा हात धरला होता.

“नाही, फारसं नाही,” वेंडेल म्हणाला.

टेसाने मार्लिसकडे बघितलं. पुरतं एक मिनिट तरी बघत होती असं मार्लिसला वाटलं. दोन सेकंदच असतील. खोटं तयार होतं आणि खरंही तयार होतं. मार्लिस म्हणाली, “कॉफी तरी घेतेस का?” टेसा म्हणाली, “बरं, द्या.” का कुणास ठाऊक, कदाचित बाईला वाईट वाटू नये म्हणून. मार्लिसने किटली उचलली आणि ओतली. टेसाचं बोट एका चौकोनावर टेकलेलं तिला उलटं दिसलं: नाही.

बाराला दहा कमी असताना टॅब मिटला. पंचावन्न मिनिटं, मार्लिसने मनात नोंदलं, म्हणजे आम्ही दहा मिनिटं जास्तीच घेतली. टेसाने अर्धा कप कॉफी टेबलावर ठेवली, वेंडेलला हात केला, वेंडेल म्हणाला, “पुन्हा ये, पुढच्या वेळी नाचू,” आणि ती दाराकडे गेली. मार्लिस तिच्या मागोमाग गेली. आता दार होतं. तिने कोट दिला, तो टेसाने घातला. मार्लिस म्हणाली, “यंदा सरोवरावरचा उरलेला बर्फ लवकर फुटेल म्हणतात.” टेसा म्हणाली, “हो का?” मार्लिस म्हणाली, “तुला बूट घ्यायला हवेत, आत लोकर असलेले.” टेसा म्हणाली, “हो, घेते.” मार्लिस दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली, डावा हात, आणि वाट बघत राहिली. आता विचार. हवेचं बोलून झालं, बुटांचं बोलून झालं, आता विचारायची वेळ आहे. कुणी हिला शिकवलंच नाही का की इथे थांबायचं असतं? आणि मग तिला आठवलं की शिकवायचं काम कुणाकडे होतं, आणि फळ्यावर काय लिहिलं होतं. टेसा म्हणाली, “निकाल तीन आठवड्यांत पोस्टाने येईल. काळजी करू नका, तुमचं छान चाललंय.” आणि ती सरळ चालायला लागली.

“अगं, दार लाव, गारठा येतोय,” आतून वेंडेल म्हणाला. “बरं झालं ना सगळं?”

बरं झालं. सहा तास येतील, आठवड्याचे. शार्लीन सोमवारी येईल आणि गुरुवारी येईल, आणि मधले सगळे दिवस रविवार असतील. मार्लिसला ते सगळे रविवार एकामागे एक दिसले, गालिचा, उशी, गोधडी, रेडिओ, आणि गाणं संपल्यावरची ती शांतता. तिने कोट घेतला नाही. सपातांनीच ती पायऱ्या उतरली, कठडा डाव्या हाताने धरून, बर्फावरून बाजूबाजूने पाऊल टाकत. टेसाची गाडी सुरू होती, काचेवरचं हिम वितळायची वाट बघत. मार्लिसने काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

“काही विसरलं का माझं?”

“नाही,” मार्लिस म्हणाली. मग, कारण इथे निघताना हेच म्हणतात आणि तिचं तोंड दुसरं काही म्हणायला शिकलंच नव्हतं, “हरणं असतात रस्त्यावर. सावकाश जा.”

“जाते. थँक यू.”

काच वर जायला लागली. मार्लिसने तिच्यावर हात ठेवला. थंडीने बोटं चिकटल्यासारखी झाली.

“एकतिसावा प्रश्न परत विचार,” ती म्हणाली.

“काय?”

“पडण्याचा. परत विचार. आणि मी नाही म्हणाले तर अजून एकदा विचार. आम्हाला तीनदा विचारावं लागतं. हे मूर्खपणाचं आहे, मला माहीत आहे, पण तसं आहे.”

मार्लिसच्या अंगावर फक्त स्वेटर आणि ॲप्रन होता, आणि ती थरथरत होती, आणि आपण थरथरतो आहोत हे तिला टेसाला दिसू द्यायचं नव्हतं. टेसाने शेजारच्या सीटवरून टॅब घेतला नाही. तिने गाडी बंद केली.

“घरात पडणं झालं का?”

“फारसं नाही,” मार्लिस म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडाची तिला चीड आली.

“पडणं झालं का, मिसेस हॉगेन?”

“एकदा. लगेच उठवलं.”

खाली सरोवराच्या बाजूने वारा येत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत वेंडेल दिसत होता, दोन्ही हातांनी कप धरून, तो तोंडाकडे नेण्याच्या प्रयत्नात. कप निम्म्या वाटेवर थांबला होता.

“पडणं झालं का?” टेसाने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी हळू.

“रविवारी. तीन तास जमिनीवर होतो. मी कुणाला बोलावलं नाही.” एवढं म्हणून झाल्यावर मार्लिसला वाटलं, झालं, उघडलं ते पिवळं पान, आपल्याच हाताने. आता हा जाणार, पडद्याच्या एका बाजूला. ती परत निघणार होती, पण टेसा काही लिहीत नव्हती. ती मार्लिसच्या खांद्याकडे बघत होती.

“तुम्ही कॉफी डाव्या हाताने ओतलीत,” टेसा म्हणाली. “दार डाव्या हाताने धरलंत. मला वाटलं डावखुऱ्या असाल, म्हणून काही बोलले नाही.” मग तिने असा एक प्रश्न विचारला जो चौऱ्याऐंशी प्रश्नांत नव्हता, मार्लिसच्या वेळेलाही नव्हता, आणि एकतीस वर्षांत तिने कुणाच्या बायकोला, कुणाच्या मुलीला कधी विचारला नव्हता. “तुम्हाला उचलता येतं का त्यांना?”

मार्लिस पुन्हा विचारायची वाट बघत थांबली नाही.

“नाही,” ती म्हणाली.